अतिक्रमणदार कोण? खानदेशातले गायरान, कुरण आणि आंबेडकरी चळवळ

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात, लांडोर बंगल्यावर आपली गर्दी होते. 1937 साली बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा या बंगल्यात थांबले होते. ही आठवण आपण जपली, ती जपलीच पाहिजे. पण त्या दिवशी आपण ज्या जमिनीवरून चालत जातो तिचे नाव 'कुरण' आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? कुरण म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन. ती कोणी राखली, कोणासाठी राखली आणि तिथून कोणाची गुरे हाकलली, हे आपण विचारत नाही. वनजमीन म्हटले की 'तो आदिवासींचा प्रश्न', चराई म्हटले की 'तो धनगरांचा प्रश्न', आणि गायरान म्हटले की तेवढा आपला. हे वाटे आपण स्वतःच पाडून घेतले आहेत आणि त्याचा फायदा कोणी घेतला हे आज खानदेशात उघड्या डोळ्यांनी दिसते.

थोडे मागे जाऊ. इंग्रजांनी 1878 चा वन कायदा केला आणि डोंगर, माळ, गवताळ पड जमिनी एका खात्याच्या ताब्यात दिल्या. या खात्यावर पहिला घणाघाती हल्ला कोणी केला? जोतीराव फुल्यांनी. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव सांगतात की या जंगलखात्याने गावची गायराने, डोंगरदऱ्या गिळल्या आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना तोंड घालायला जागा उरली नाही. म्हणजे चराईचा प्रश्न सत्यशोधक चळवळीच्या जन्मापासून आपल्या विषयपत्रिकेवर आहे. पुढे 1927 चा भारतीय वन कायदा आला. तो आजही लागू आहे. राखीव वनात गुरे चारणे त्या कायद्याने गुन्हा आहे. गुरे पकडून कोंडवाड्यात घालण्याचा कायदा तर 1871 चा. राणी गेली, कोंडवाडा राहिला.

आता यात आपण कुठे बसतो? गावगाड्यात महाराच्या वाट्याला वतनाची जमीन होती आणि तिच्या बदल्यात साऱ्या गावाची अन् सरकारची फुकट चाकरी. ही गुलामी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने शेवटी 1958 च्या कायद्याने गेली. पण वतन गेल्यावर कसायला काय? बहुसंख्य कुटुंबांच्या हाती काहीच नव्हते. तेव्हा गावाच्या कडेचा बरड माळ, ज्याला कोणी हात लावत नव्हते, तो आपल्या आजोबांनी फोडला. दगड वेचले, बांध घातले, तीळ-बाजरी पेरली. त्याला सरकारने नाव दिले 'अतिक्रमण'. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल-पावऱ्यांनी जंगलातली जमीन फोडली, तिला आपल्याकडे नेवाड म्हणतात. तिलाही नाव 'अतिक्रमण'. साक्री-शिंदखेड्याकडचा ठेलारी मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेने वाडा घेऊन फिरतो, त्या वाटेवर वनखात्याची चारी खोदली गेली आणि तो रातोरात 'अवैध चराई' करणारा झाला. तिघांवर एकच शिक्का बसला. तरी हे तिघे एकमेकांकडे संशयाने पाहतात.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना हे कळले होते. 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह मराठवाड्याबरोबर आपल्या खानदेशात झाला, नाशिक-नगरकडे झाला. मागणी साधी होती: सरकारी पडीक जमीन भूमिहीनाला द्या. ज्यांनी ती आधीच कसायला घेतली त्यांच्या नावे करा. 6 डिसेंबर 1964 पासून हाच लढा देशभर गेला, तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्या मागणीपत्रात बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावावे ही मागणी होती आणि जमिनीचीही होती. तैलचित्र लागले. जमिनीचे काय झाले, हे विचारायला आपण हळूहळू विसरलो. नंतर 1972 पासून शहाद्याच्या बाजूला (तेव्हा तो धुळे जिल्हाच होता) अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने भिल्लांच्या गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी रान उठवले. धुळ्याच्या कॉ. शरद पाटलांनी 1978 मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले, आंबेडकर एकत्र मांडले. त्या मांडणीवर आपण रात्र रात्र वाद घातले, पुस्तके झिजवली. पण त्यांचे कार्यकर्ते साक्री-नवापूरच्या पाड्यांवर वनजमिनीचे अर्ज भरत होते तेव्हा आपल्यातले किती जण तिथे होते?

कायद्याकडे येऊ, कारण आपल्या पोरांना भाषण येते, शासन निर्णय येत नाहीत.

गायरानासाठी 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय तोंडपाठ हवा. मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी सरकारी पड आणि गायरान जमिनीवर 14 एप्रिल 1990 पर्यंत केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचा तो निर्णय आहे. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. या निर्णयासाठी पुरावा काय लागतो? तलाठ्याकडची गाव नमुना 1-ई ही अतिक्रमणाची नोंदवही, आणि दंडाच्या पावत्या. म्हणजे ज्या पावतीवर तुमच्या बापाला गुन्हेगार ठरवले तीच पावती तुमच्या हक्काचा पुरावा. पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्लेल्या पावत्यांना आज एकराचा भाव आहे. वनजमिनीलाही हेच लागू. वनखात्याने नोंदवलेला गुन्हा, जुनी अतिक्रमणाची यादी, गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब, हे सगळे वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून चालते. शिक्षा झाली म्हणून लाजणारा आणि पावती फाडून टाकणारा माणूस हक्क गमावतो. ही लाज आपल्याला व्यवस्थेने शिकवली आहे.

मग 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला. गावची सामाईक जमीन धनदांडग्यांनी बळकावली, ती मोकळी करा, असे तो निकाल सांगतो. प्रकरण पंजाबातल्या एका गावतळ्याचे होते. निकालाचा रोख योग्यच होता. पण महाराष्ट्रात त्याचा वापर कसा झाला? 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयाने गायरान वाटपाचे दार बंद झाले आणि भूमिहीनाने अर्ज केला की तालुक्याचा बाबू 'सुप्रीम कोर्टाची बंदी आहे' म्हणून मोकळा. ज्यांनी निकाल वाचला नाही ते मान खाली घालून परतले. त्याच निकालात अपवाद लिहून ठेवला आहे: सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, किंवा तिथे शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर ते नियमित करता येते. हा परिच्छेद छापून खिशात ठेवा. पुढच्या वेळी बाबूने बंदी सांगितली की त्याच्या टेबलावर ठेवा.

2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा विषय स्वतःहून हाती घेतला. राज्यात सुमारे 2 लाख 22 हजार अतिक्रमणे आहेत, असे सरकारने सांगितले आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. त्या कोणाच्या दारावर चिकटल्या ते तुम्ही पाहिलेच आहे. पत्र्याचे घर असलेल्याच्या. गायरानात गोदाम आणि पेट्रोलपंप असलेल्याच्या दारावर कागद चिकटवायला फारशी घाई नव्हती.

आणि ज्या गायरानातून एक एकर भूमिहीनाला द्यायला 'कायद्याची अडचण' होती, तेच गायरान मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर पॅनेलसाठी कंपन्यांना भाड्याने द्यायला कसली अडचण आली नाही. मला सौरऊर्जा नको असे नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, रात्री पाणी भरताना साप चावून मरणारा शेतमजूर आपलाच असतो. प्रश्न एवढाच आहे की भूमिहीन आला तर जमीन 'गुरांसाठी राखीव', मेंढपाळ आला तर 'वृक्षलागवडीसाठी राखीव', आणि कंपनी आली की ती 'पडीक'. एकाच सर्व्हे नंबरची ही तीन नावे. साक्री तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सरकारी सौर प्रकल्प आला, तेव्हा त्या माळाला पडीक कोणी म्हटले? ज्यांची एकही मेंढी त्या माळावर चरली नाही त्यांनी.

ठेलारींबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण आपल्या लिखाणात ते येतच नाहीत. दिवाळी झाली की घोड्यांवर संसार लादून, मेंढरांचे कळप घेऊन ही माणसे निघतात. रिकाम्या वावरात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला खत मिळते, यांना धान्य किंवा पैसे. पावसाळ्यात मात्र वावरांत पीक असते, मग मेंढरे न्यायची कुठे? माळावर, डोंगरावर. तो सगळा वनखात्याचा. 2016 ते 2019 या काळात राज्यात झाडे लावण्याची मोहीम निघाली, शेवटच्या वर्षी आकडा 33 कोटींचा होता. मोहिमेत खड्डे कुठे खोदले गेले? जिथे गवत होते तिथे. माळ म्हणजे उजाड जंगल, असे समजणाऱ्यांना हे कोण सांगणार की माळावर गवतच असायचे असते, आणि त्या गवतावर लांडगा, माळढोक, हरीण आणि मेंढरू सगळे जगत आले आहे? खड्ड्याभोवती चारी, चारीभोवती चराईबंदी. मेंढपाळाची बाई पाल टाकून बसली की वनरक्षक दंडाची पावती घेऊन हजर.

वनहक्क कायदा 2006 ने यावर काय म्हटले आहे? कलम 3(1)(ड) मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, एका जागी राहणाऱ्यांचा आणि भटकणाऱ्यांचाही. भटक्या आणि पशुपालक समूहांना हंगामानुसार वनात जाण्याचा हक्क दिला आहे. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील तेव्हाच करायची आहे. आणि कलम 4(5) सांगते की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही हटवता येणार नाही. मग अडले कुठे? एक तर भटक्याला कुठली ग्रामसभा आपले म्हणते? गावात तो मतदार असेल, पण तो असतो चार जिल्ह्यांत. दुसरे म्हणजे अनुसूचित जमातीत नसलेल्याला, मग तो ठेलारी असो की बौद्ध, 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची, वनावरची वस्ती आणि अवलंबन दाखवावे लागते. हिशेब केला तर 1930. ज्या काळात आपल्या माणसाचे नाव शाळेच्या पटावर लागत नव्हते त्या काळाचा कागद आज मागतात! जबाब आणि वंशावळ पुरावा म्हणून चालतात हे नियमात आहे. पण दावा फेटाळण्याच्या कागदावर 'पुरावा अपुरा' एवढेच दोन शब्द येतात.

फेटाळलेल्या दाव्यांचे गांभीर्य 13 फेब्रुवारी 2019 ला कळले. सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनातून काढण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला, 28 फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला होता आणि नोव्हेंबरमध्ये लोकसंघर्ष मोर्चाचा ठाण्याहून निघालेला मोर्चा आझाद मैदानावर धडकला होता. त्यात जळगाव-नंदुरबारचे आदिवासी पायांना फोड येईस्तोवर चालले. निळा झेंडा त्यात किती दिसला हे ज्याने त्याने आठवावे.

इथे एक प्रश्न आपली शिकलेली पोरे विचारतात आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी 1947 च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करा असे सांगितले. मग वनखात्याची जमीन राज्याचीच आहे, तिला विरोध कसा करायचा? नीट वाचा. त्यात राज्य जमीन आपल्याकडे ठेवून कुंपण घालत नाही. ती गावातल्या कुटुंबांना, जात-धर्म न पाहता, सामुदायिकपणे कसायला देते, भांडवलही पुरवते. तिथे जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. वनखाते म्हणजे त्या स्वप्नाचे उलटे रूप आहे: मालक राज्य, पण कसणारा चोर. शिवाय त्याच निवेदनात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी पड जमीन राखून ठेवण्याची मागणी आहे, हे आपण सहसा सांगत नाही.

अमेरिकेचे एक उदाहरण देतो. तिथे पश्चिमेकडच्या राज्यांत प्रचंड जमीन केंद्र सरकारच्या हाती आहे. नेवाडा राज्यात तर सुमारे ऐंशी टक्के. गोरे पशुपालक त्या जमिनीवर गुरे चारतात, 2025 मध्ये एका गाय-वासराच्या जोडीला महिन्याचे भाडे दीड डॉलरच्या आत होते. क्लाइव्हन बंडी नावाच्या एकाने 1993 पासून तेही भरायचे बंद केले. 2014 मध्ये सरकार त्याची गुरे उचलायला गेले तर शेकडो समर्थक बंदुका घेऊन आले आणि सरकारने गुरे परत सोडली. 2016 च्या जानेवारीत त्याच्या मुलांनी ओरेगॉनमधले एक अभयारण्याचे कार्यालय 41 दिवस बळकावले. त्यात एकजण पोलिसांच्या गोळीने मेला, पण पुढे त्या दोन्ही मुलांना ज्युरीने निर्दोष सोडले. 'जमीन लोकांना परत द्या' ही त्यांची घोषणा. ती जमीन मुळात ज्यांची, ते पायूट आदिवासी शेजारीच राहतात. त्यांनी विचारले, परत म्हणजे कोणाला?

आपल्याकडे बंदूक दाखवून कोणी गुरे सोडवलेली नाहीत. इथे मेंढी कोंडवाड्यात जाते आणि मेंढपाळ सावकाराकडे. पण त्या पायूटांचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. 'सरकारने जमीन सोडावी' एवढ्यावर आपण थांबलो तर ती गावातल्या बंडीच्या हाती जाईल, ज्याच्याकडे ट्रॅक्टर, सोसायटी आणि सरपंचपद आहे. म्हणून जमीन कोणाकडून काढायची इतकेच ठरवून चालत नाही, ती कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात जाणार हेही ठरवावे लागते.

इथे माझे मत काही मित्रांना पटणार नाही. आपली मागणी नेहमी एकच असते, प्रत्येकाच्या नावे सातबारा. जिथे आपली माणसे चाळीस-पन्नास वर्षे कसत आहेत तिथे ती मागणी सोडायची नाही, एक गुंठाही नाही. पण गावात उरलेले शेवटचे पन्नास-साठ एकर गवत नांगरून वाटून घ्या, याला माझा विरोध आहे. तो तुकडा नांगरला की ठेलारी आणि बौद्धवाडी समोरासमोर उभे राहतात, आणि मधे पाटील पंच म्हणून बसतो. शिवाय आपल्याच वस्तीतल्या विधवेची दोन शेरडे त्याच गवतावर जगतात. भूमिहीनाला जमीन हवी तर ती सीलिंगच्या शिल्लक जमिनीतून, धनदांडग्यांनी बळकावलेल्या गायरानातून मागा. आणि उरलेल्या कुरणावर सामूहिक हक्क मागा. वनहक्क कायद्यात त्यासाठी नमुना ख आणि नमुना ग आहे. सामूहिक हक्काचा कागद विकता येत नाही, गहाण पडत नाही. बाबासाहेबांच्या सामुदायिक शेतीच्या सर्वांत जवळ जाणारा कागद आज कायद्यात हाच आहे.

आमच्या बाजूचे काही पर्यावरणप्रेमी यावल अभयारण्याकडे बोट दाखवतात. 1969 चे, सुमारे 177 चौरस किलोमीटरचे ते जंगल ठिकठिकाणी तोडले गेले हे खरे आहे, आणि ते नाकारून आपण आपलेच नुकसान करतो. 2005 नंतर कुऱ्हाड घालून जमीन काढणाऱ्याला हा कायदा संरक्षण देत नाही, आपणही देऊ नये. पण साग तोडणारा पावरा रोजाने कामाला असतो. लाकूड कोणाच्या ट्रकने जाते आणि कोणाच्या सॉ मिलमध्ये चिरले जाते, तिथपर्यंत बोट पोचत नाही. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि ग्रामसभा जागी राहिली, तिथे गावानेच जंगल राखले. गडचिरोलीतले मेंढा (लेखा) हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण.

अजून एक गोष्ट. आरक्षणाच्या यादीवरून आदिवासी आणि धनगर समाजात सध्या जो ताण आहे त्यात आपण तेल ओतायचे नाही आणि न्यायाधीशही व्हायचे नाही. यादीचा निर्णय व्हायचा तो होईल. गवताचा निर्णय गावात होऊ शकतो. ज्या गावात बौद्ध, भिल्ल आणि ठेलारी ग्रामसभेत एका बाजूला बसतील तिथे बहुमत कोणाचे असेल याचा हिशेब करा.

आणि जिथे आपल्या माणसाने कसलेल्या गायरानात मुद्दाम गुरे सोडून पीक तुडवले जाते, तिथे 'भांडण' म्हणून समेट करू नका. अॅट्रॉसिटी कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जमिनीवरून हुसकावणे किंवा वनहक्कासह जमिनीच्या वापरात अडथळा आणणे हा कलम 3(1)(ग) खाली गुन्हा आहे. फिर्यादीत ते कलम आहे का ते वाचूनच सही करा. ठेलारीला या कायद्याचे कवच नाही, म्हणून त्याच्या वाड्यावर हल्ला झाला तर आपली माणसे ठाण्यात त्याच्याबरोबर गेली पाहिजेत.

पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टची असो की 2 ऑक्टोबरची, तिच्या आधी दोन कामे करा. तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई चा उतारा आणि गावातल्या गायरानाचे गट नंबर, क्षेत्रासह, लेखी अर्ज देऊन मागा. सौर प्रकल्पासाठी त्यातला कुठला गट दिला आहे का, ग्रामपंचायतीने ठराव कधी केला आणि त्यावर कोणाच्या सह्या आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. वनहक्काच्या सभेला निम्मे सदस्य आणि त्यात एक तृतीयांश महिला हव्यात, नाही तर ठराव टिकत नाही. म्हणून सभा सकाळी मजुरीला जायच्या वेळी लावली तर तिथेच हरकत घ्या. मेंढपाळ गावात कधी असतात ते त्यांना विचारून सभेची तारीख मागा. तोंडी काही बोलू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या.